दोनशे चौदा उत्तरे

"आधी पानी सांगा."

झाडाबद्दल काहीही विचारा, चाचांचे उत्तर याच शब्दांनी सुरू व्हायचे. पाने पिवळी पडोत, कळ्या गळोत, मुंग्या लागोत, आधी पाणी. तेही 'थोडेसे', 'बेताचे' असे चालत नसे. किती लोटे आणि किती दिवसांनी, ते लिहायचे.

आमची ओळख इंटरनेटवरच्या एका मराठी घर-बाग मंचावर झाली. साधा मंच होता. कोणी प्रश्न टाकायचा, खाली बाकीच्यांनी उत्तरे लिहायची. यवतमाळला माझ्या गच्चीवर ड्रममध्ये लिंबू आहे. त्याची पाने पिवळी पडत होती म्हणून मी प्रश्न टाकला. त्यांनी पाणी विचारले. मी लिहिले, "सव्वा लिटर, दिवसाआड, सकाळी सात वाजता."

लगेच उत्तर आले, "ताई, आकडा सांगनाऱ्या तुम्ही पयल्याच."

माझ्या मोजमापाची घरात थट्टा होते. दूधवाल्याचे मापही मी आणखी एकदा मोजते. त्यामुळे हा माणूस मला तिथेच आवडला. पुढे त्यांनी सांगितले, तीन लिटर द्या, पण चौथ्या दिवशी. त्याला जोडून एक वाक्य होते, जे वाचून मी गच्चीवर एकटीच मोठ्याने हसले. आकडा मी वहीत उतरवून घेतला.

बोरी अरबला त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. जळालेल्या पंपांची तार काढायची, नवी गुंडाळायची. लोक त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. तार गुंडाळताना ते वेढे मोठ्याने मोजत, आणि मध्ये कोणी बोलले तर बोलणाऱ्याकडे न बघता आकड्याचाच आवाज चढवीत.

एकदा दारव्ह्याला लग्न होते, तेव्हा वाट वाकडी करून मी त्यांच्या घरी गेले. त्या तासाभरात मला खरी गोष्ट कळली. चाचा बाजेवर बसून फोनमधला प्रश्न मोठ्याने वाचत होते. मागच्या अंगणात चाची वांग्यांच्या रोपांना माती लावत होत्या. तिकडूनच त्या म्हणाल्या, "पहले पानी पूछो जी."

चाचा एका बोटाने ते लिहू लागले.

मी म्हटले, "चाचा, म्हणजे उत्तरं चाचींची?"

चाची हात धुऊन आत आल्या. "मंग काय याईचे? याईले झाडातलं काय समजते? एकदा माह्या पाठीमागं यायनं लिवून टाकलं, गुलाबाले मोटारीचं जुनं ऑइल लावा."

"मुंग्या गेल्या ना पन," चाचा म्हणाले.

"गुलाबई गेला."

चाचींना लिहिता येत नव्हते. चाचांना झाडे कळत नव्हती. त्यांचा हा व्यवहार अकरा वर्षे चालला होता.

मग चाची वारल्या. सकाळी छातीत कळ आली आणि यवतमाळच्या वाटेवर, रिक्षातच. मी भेटायला गेले. निघताना त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मंचावर कोणाच्या नावावर बोट ठेवले की त्या माणसाने लिहिलेले सगळे, पहिल्यापासून ओळीने दिसायचे. त्यांच्या नावाखाली दोनशे चौदा उत्तरे होती.

"रोज एकच वाचतो, ताई. दुकान उघडलं का एक. संपली का पुन्हा पयल्यापासून."

मी विचारले, "आवाज वगैरे काही आहे का त्यांचा, फोनमध्ये?"

"कोनं भरून ठेवला आवाज? रोज तर बोलत होती."

चाचींचे बोलणे जगात तेवढ्या एका ठिकाणी उरले होते.

चाची गेल्यानंतर आठव्या महिन्यात मंच बदलला. कोणाला विचारले नाही, सांगितले नाही. वर हलती चित्रे आली, कुंड्यांच्या आणि खतांच्या जाहिराती आल्या, सदस्यांच्या नावापुढे तारे आले. कोणी प्रश्न टाकला की माणसाच्या आधी जाहिरात उत्तर देई. मोगऱ्याचे सात वर्षांपूर्वीचे उत्तर शोधायला गेले तर भलत्याच कोणाची सजवलेली गॅलरी समोर येई. आणि नावावर बोट ठेवून जी ओळीने यादी दिसायची, ती गेली.

चाचांचा फोन आला. "ताई, पुस्तकाची शिलाई काढून पानं उधळून देल्यावानी झालं. तिची उत्तरं हायेत, पन सापडून नाही राह्यली. काहून केलं असन असं?"

मग सदस्यांच्या वतीने मी एक पत्र लिहिले. मंचाच्या चालकांना, सभ्य भाषेत, सहा मागण्यांचे. पहिली मागणी त्या यादीची होती. सदुसष्ट सह्या आल्या. त्यांतल्या चार दुबार होत्या, त्या मी काढल्या. शेवटी माझेच वाक्य होते : उत्तर येईपर्यंत आमच्यापैकी कोणीही मंच उघडणार नाही.

चाचांनी ते ऐकले आणि विचारले, "किती रोज, ताई?"

"उत्तर येईपर्यंत."

"म्हंजे आकडा नाही."

"येईल हो चाचा उत्तर."

"बरं. तुम्ही म्हनता तं नाही उघडत."

मी पन्नासाव्या दिवशी उघडला. कोण कोण शब्द मोडतो ते बघायला, असे मी स्वतःला सांगितले. त्रेसष्टांपैकी निम्मे तरी तिथे गप्पा मारत होते. वर एक पिवळी पट्टी होती, बारीक अक्षरांत काही नियम, आणि खाली बटण : समजले. विजेच्या बिलाची मागची बाजूही वाचणारी मी. पण त्या दिवशी चोरून आत शिरल्यासारखे वाटत होते, लवकर बाहेर पडायचे होते. मी 'समजले' दाबले.

चार महिने गेले. पत्राला उत्तर आले नाही. एका संध्याकाळी चाचांचा फोन आला.

"ताई, उद्या तिची बरसी हाय. एक रोजाची सूट भेटन काय? सापडन तेवढं फक्त वाचतो. लिहत नाही काही."

चार महिने हा माणूस सकाळी दुकान उघडून नुसता बसत होता, माझ्या एका वाक्यासाठी.

"वाचा ना चाचा," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "ताई, तिथं मी नाहीच हो."

त्या पिवळ्या पट्टीवर काय होते ते मला आता कळले. नव्वद दिवस न उघडलेली खाती लिखाणासकट काढून टाकली जातील. मी माझ्या खात्यातून पाहिले. माझ्या लिंबाच्या प्रश्नाखाली लिहिले होते, 'माजी सदस्य. मजकूर उपलब्ध नाही.' चालकांना तीन पत्रे लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आले, अभिप्रायाबद्दल आभार.

मी वही घेतली आणि बोरी अरबची बस धरली. दुकानात ते एकटेच होते.

"चाचा, मी उघडला होता. पन्नासाव्या दिवशी. तिथं नियम लिहिला होता, मी न वाचता बटण दाबलं."

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. हात पुसले.

"तवा तिचं होतं तिथं?"

"होतं."

"वाचलं काही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरे झाले असते. मी वही पुढे केली. एकेचाळीस नोंदी. मोगरा, पाऊण लोटा, रोज. कढीलिंब, दोन लोटे, आठवड्यातून दोनदा. ते ओळीवर बोट ठेवून वाचत गेले आणि लिंबापाशी थांबले.

"इथं काय बोलली होती ती? काहीतरी बोलली होती ना?"

"हो. मी खूप हसले होते."

"काय?"

मला आठवत नव्हते. मी आकडा तेवढा उतरवला होता.

वही मी तिथेच ठेवली. पुढे फोन मीच करत असे, ते उचलत, बरे आहे म्हणत. या उन्हाळ्यात माझ्या लिंबाची पाने पुन्हा पिवळी पडली. मी मुद्दाम त्यांनाच विचारले.

"मले झाडातलं काय समजते, ताई?" ते म्हणाले.

मी फोन कानाला लावून थांबले. तीन लिटर, चौथ्या दिवशी, असे सांगायची माझी तयारी होती. पलीकडे कोणी तरी मोटार टाकल्याचा आवाज आला. मग वेढ्यांचे आकडे सुरू झाले, एक, दोन, तीन. पाणी त्यांनी विचारले नाही.