दामासोचा लाल कोंबडा

गाविनोचं काम झुंजीच्या कोंबड्यांच्या पायाला पातं बांधायचं. तो दोरा असा आवळायचा की एका झेपेत समोरच्याचं पोट फाटे. फिलिपाइन्समधल्या इलोइलोजवळच्या आमच्या आखाड्यात दर रविवारी माती रक्तानं चिकट होई.

हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा, आणि जायचा तो थेट पातेल्यात. गाविनो मात्र तो आधी मागून घेई. मागच्या पडवीत टेबलावर मांडून ठेवी, शेजारी सुरी आणि मिरच्या, आणि मऊ पेस्टल खडूंनी त्याचं चित्र काढी.

"नोंग गाविनो, आधण आलं!" बायका ओरडत. नोंग म्हणजे आमच्याकडे दादा.

"उकळू दे गं. मेलेलाय, पळत नाही."

त्या रविवारी दामासोचा लाल कोंबडा पडला. पोरासारखा वाढवलेला. दामासो दारू पिऊन, कोयता घेऊन पडवीत घुसला.

"माझी नाचक्की रंगवतोस?"

"पिसं तेवढी राहिलीत, दामा. मग फाड हवं तर."

दामासोनं टेबल लाथेनं उडवलं, कोयत्याची मूठ गाविनोच्या तोंडावर हाणली आणि तळव्यानं चित्र पुसून काढलं. खडूची भुकटी कागदावर नुसती बसलेली असते. सगळा लाल रंग त्याच्या हाताला आला. तसाच तो बाहेर पडला.

लोकांना काय दिसलं? एका हातात कोयता, दुसरा लालभडक, आणि आतून गाविनोचा आवाज नाही.

"नोंगला मारलं रे यानं!"

बांबू आले, दगड आले. दामासोचा एक डोळा तिथेच गेला. तेवढ्यात गाविनो रांगत बाहेर आला. "खडू आहे तो! खडू!" कोण ऐकतो? शेवटी तो दामासोला झाकायला त्याच्या अंगावर आडवा पडला. पुढचा बांबू गाविनोच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग सगळे थांबले.

त्या गोंधळात बायकांनी कोंबडा सोलून पातेल्यात टाकला होता.

गाविनोला आता गाठ मारता येत नाही. डाव्या हातानं चित्रं काढतो. ते चित्र त्यानं तसंच भिंतीवर लावलंय, मधोमध पाच बोटांचा लाल फराटा.

बऱ्याच दिवसांनी दामासो आला. फराट्यासमोर उभा राहिला.

"नोंग, माझा कोंबडा कुठाय यात?"

"तुझ्या हाताखाली."

दामासो हळूच म्हणाला, "पुन्हा काढशील?"

"कसा काढू? समोर मांडल्याशिवाय येत नाही मला. आणि तो तर खाल्ला आम्ही."