दामूमामांचा ब्लॉक

माझे सासरे दामूमामा एसटीत बसले की मांडीवर एक बोचकं घ्यायचे. जुन्या धोतरात गुंडाळलेलं, ऑइलच्या वासाचं. शेजारचा माणूस नाक मुरडून दुसरी जागा शोधायचा. कंडक्टरनं आत काय म्हणून विचारलं की मामा गाठ सोडून इंजिनाचं हेड पॅकिंग दाखवायचे. हातभर लांब, काळं पडलेलं, अंगभर भोकं. "माप हाय ते," म्हणायचे. "मापाचं घावंपतुर संगं न्यावं लागतं."

मामा ब्लॉक शोधत होते. इंजिनातला जो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड ठोकळा, ज्याच्या पोटात पिस्टन खालीवर होतात, तो ब्लॉक. मामांच्या ट्रॅक्टरचा ब्लॉक फुटला होता आणि ते इंजिन बनवणारी परदेशी कंपनी कधीच बुडाली होती. ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये ते पॅकिंग बसतं, त्यामुळे भंगारात कुठलाही ब्लॉक दिसला की मामा त्यावर पॅकिंग अंथरायचे. बोल्टची आणि पाण्याची सगळी भोकं एकावर एक आली तर ब्लॉक आपला. एखादं भोक जरी सरकलं तरी ते पॅकिंग उचलून पुन्हा धोतरात गुंडाळायचे आणि म्हणायचे, "भायेरनं भाऊ दिसत्यात, आतनं सोयरंबी न्हाईत."

हा ट्रॅक्टर त्यांनी साखर कारखान्याच्या लिलावात घेतला होता. त्याच कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. लिलावात आणला तेव्हा त्याला चाकंसुद्धा धड नव्हती. वर्षभर खपून मामांनी तो चालू केला. पाटसजवळच्या त्यांच्या गावात, बौद्धवस्तीतला तो पहिला ट्रॅक्टर. पेरणीच्या दिवसांत गावातले बागायतदार मामांच्या दारात येऊन नंबर लावायचे. त्यातल्या दोघांच्या ओसरीवर मामांच्या वडिलांना कधी चढू दिलं नव्हतं. मामा त्यांना खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे आणि नंबर मात्र आल्या क्रमानंच द्यायचे. "आमच्या दारात रांग येकच असती," एवढंच म्हणायचे. ब्लॉक फुटला आणि ती रांग मोडली. लोकांनी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर सांगितले. मामा साठी उलटल्यावर दुसऱ्याच्या पोल्ट्रीवर राखणीला जायला लागले.

तो ब्लॉक मी फोडला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

मी आयटीआय झालेला, शिरूरकडच्या एका कंपनीत मशीन चालवणारा. सासरवाडीला गेलो की मला येत नाही असं काहीच नसायचं. एका सुट्टीच्या दिवशी मामांना बरं नव्हतं, तर मीच म्हटलं, आजची नांगरट मी करतो. मामांनी किल्ली दिली आणि बजावलं, "तापला तर बंद करू नगा. सावकाश चालू ठिवा, बिडी वढायला लागती तेवढा टाइम द्या. मग बांधावरला क्यान हाय, त्यातलं पानी थोडं थोडं सोडा." हा कॅन ते मुद्दाम दिवसभर उन्हात ठेवायचे. तापलेल्या इंजिनाला गार पाणी चालत नाही, बीड तडकतं. हे मला पुस्तकातसुद्धा शिकवलं होतं. पण दुपारी रेडिएटरमधून वाफ उसळली तेव्हा मी घाबरलो. कॅन शेताच्या पार त्या टोकाला होता आणि पाटाच्या पाण्याची चारी पायाशी वाहत होती. मी बादली भरली आणि ओतली. आतून एक बारीक टणकन आवाज आला.

मामा आले. त्यांनी ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइलात पाणी उतरून त्याचा दुधाचा चहा झाला होता. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, चालता चालता आपोआप आवाज आला." मामांनी पट्टी धोतराला पुसली आणि जागेवर लावली. "जुनं बीड हाय," ते म्हणाले. "जायचंच कवातरी."

वेल्डिंग करून बघितलं. पंधरा दिवसांत तडा पुन्हा उघडला. मग शोध सुरू झाला. माझी सुट्टी असली की मी मोटारसायकलवर त्यांना घेऊन निघायचो. न्हावरा, चौफुला, दौंड, कुठं भंगारात जुना ट्रॅक्टर पडलाय असं कळलं की तिथं. पाप फेडतोय असं मला वाटायचं, आणि पेट्रोल जाळून पाप फिटतं असंही वाटायचं, इतका मी मूर्ख होतो. दुकानात ते मला येऊ द्यायचे नाहीत. "तुमी गाडीपाशी थांबा पाव्हणं, कापडं खराब व्हतील," म्हणायचे आणि बोचकं घेऊन एकटेच आत जायचे. बाहेर आले की चेहऱ्यावरून कळायचं. अशी दोन वर्षं गेली.

खुटबावला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ब्लॉक सापडला तेव्हा मात्र मला आत जावं लागलं, कारण तो उलथा करायला दोन माणसं हवी होती. मामांनी कडबा बाजूला सारला, वरची माती झाडली आणि पॅकिंग अंथरलं. सगळी भोकं जुळली. मामांनी एकेका भोकात बोट घालून पुन्हा बघितलं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"जुळलं की मामा, न्या मग," शेतकरी म्हणाला.

"जुळलं म्हंजी झालं न्हाई. थांबा वाईच."

त्यांनी ब्लॉक डिझेलनं पुसला, कोरड्या फडक्यानं स्वच्छ कोरडा केला आणि वरून खडूची भुकटी चोळली. कुठं चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल पांढऱ्या खडूवर उमटतं. आम्ही चहा प्यायलो. कप खाली ठेवून बघतो तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे एक काळी रेघ वर आली होती. आमच्या ब्लॉकला होती तिथंच.

शेतकरी शपथा घ्यायला लागला. मामा म्हणाले, "तुमचा दोष न्हाई वो. तापल्यावर कुनीतरी गार पानी वतलं आसंल. मानूस घाबारतो, आन् घाबारल्यावर असंच हुतं." बोलत होते त्याच्याशी. पण खडू पुसताना त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. मला तेव्हा कळलं की यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

परतताना चौफुल्याला गाडी थांबवली. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. "मामा," म्हटलं.

"बोला," ते म्हणाले आणि थांबले. नीट, माझ्याकडे तोंड करून थांबले.

"पेट्रोल टाकतो जरा."

"टाका," ते म्हणाले.

त्यानंतर मामांचा दम वाढत गेला. एसटीची पायरी चढवेना, मग अंगणसुद्धा ओलांडवेना. थंडी सरता सरता ते गेले. शोकसभेला मी पांढरे कपडे घालून पुढच्या रांगेत बसलो होतो. लोक येऊन मला सांगत होते, जावयानं मुलासारखं केलं. मी मान हलवत होतो. याची लाज मला अजून वाटते.

दोन महिन्यांनी शिरूरच्या भंगारवाल्या रफिकभाईंचा फोन आला. मामांनी सांगून ठेवलेला ब्लॉक आलाय म्हणाले. मी बोचकं घेऊन गेलो. पॅकिंग अंथरलं, सगळी भोकं जुळली. डिझेल, फडकं, खडू, सगळं मामांसारखं केलं आणि तासभर बसून राहिलो. खडू पांढराच राहिला.

"लई चांगला मानूस," रफिकभाई म्हणाले. "आमी पन त्यांला लई पिडलं बघा. पयल्याच दिवशी मी इच्यारलं, कसा फुटला? तर म्हनले, माझ्याच हातनं. गार पानी वतलं. इथं चार मिस्त्री बसलेले, हसून हसून पडले. तीस वर्साचा मिस्त्री आन् असली चूक? मग मामा कवाबी आले की कुनीतरी पान्याची बाटली पुढं करायचा, मामा, गार हाय, चालंल का म्हनून."

"मग ते काय म्हणायचे?"

"काय म्हननार? हसायचे आन् ब्लॉक बघाया लागायचे. दौंडला पन सगळ्यांला तसंच सांगितलेलं त्यांनी."

मी म्हणालो, "रफिकभाई, पाणी त्यांनी नव्हतं ओतलं. मी ओतलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं," ते म्हणाले. "गेलेल्या मानसाची चूक आंगावर घ्यायला बी काळीज लागतं. नशीबवान होते मामा, असा जावई मिळाला."