धुरपदाबाईचं धाबं

धुरपदाबाईच्या दारात कोणी घटकाभर टेकलं, की त्याच्या पुढ्यात ताट आलंच म्हणून समजा. पोस्टमनसुद्धा तिचं घर सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण तिथून उठल्यावर पुढे चालवत नसे. अशा बाईचं घर सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर उघडं पडलं, आणि पुढचा सगळा गोंधळ तिच्या याच खोडीपायी झाला.

यावलकडच्या त्या गावात केळीच्या पैशावर स्लॅब पडू लागले होते, पण हिच्या घरावर अजून मातीचं धाबंच. पावसाळ्यात ते जागोजागी गळलं. लेक लता पहिल्या बाळंतपणाला चार दिवसांत यायची होती आणि सातपुड्याकडून गार वारं सुटलं होतं. तेव्हा नवऱ्यानं, उखर्डूनं, बेत ठरवला. जुनी माती उतरवायची, लाकडी तुळया-कड्यांवर नव्या तुराट्या अंथरायच्या, वर चिखल आणि खारी माती. तुराट्यांच्या बावीस मोळ्या त्यानं मागच्या हंगामापासून गोठ्यात जपून ठेवल्या होत्या. यंदाची तूर अजून शेतात हिरवीगार उभी होती.

गल्लीतली सात माणसं मदतीला आली. उखर्डू बैलगाडी जुंपून खारी आणायला गेला. दुपारपर्यंत जुनं धाबं उतरलं, आणि माणसांची मातीनं माखलेली तोंडं पाहून धुरपदाबाईचा जीव कळवळला. यांना काय नुसतं पिठलं घालायचं? मळ्यात हंगामाची पहिली वांगी धरली होती. भरीतच करायचं! आणि भरताचं वांगं चुलीत भाजणं तिच्या लेखी पाप. त्याला तुराट्यांचाच जाळ पाहिजे.

"एका मोळीनं काय होतं?" म्हणत तिनं पहिली मोळी ओढली.

वास गल्लीभर गेला. साताचे पंधरा झाले, पंधराचे चाळीस. कोणी मिरच्या आणल्या, कोणी कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापता थापता धुरपदाबाई "जाळ कमी पडून राह्यला!" म्हणून ओरडायची, की दोघंतिघं खिदळत गोठ्याकडे धावायची. डोक्यावर छप्पर नाही आणि अंगणात लग्नघर.

उखर्डू आला, बसला, तीन भाकरी हाणल्या. "लताची माय, आज भरीत एक नंबर!" म्हणाला आणि बैल बांधायला गोठ्यात गेला. तिथून त्याचा आवाज आला, "आते धाब्यावर काय वांग्याचे देठ आथरू?"

दोनच मोळ्या उरल्या होत्या.

धुरपदाबाईनं पिठाचा हात कपाळावर मारून घेतला. "माय व! माही पोर उघड्यावर बाळंत होईन आते!" ती हमसून रडू लागली.

तेवढ्यात शेजारचा रतिलाल बोटं चाटत उठला. "अक्का, रडू नको. ज्यानं भरीत खाल्लं, त्यानं एक मोळी आनाची."

हिवाळ्यातल्या आपापल्या भरतासाठी घरोघरी तुराट्या राखलेल्या होत्याच. चाळीस माणसं उष्ट्या हातांनी पळाली. म्हातारा जीवराम तर मोळी डोक्यावर घेऊन नाचतच आला. शेवटी उखर्डूला "पुरे रे बाबांनो!" म्हणून हात जोडावे लागले. तिसऱ्या दिवशी धाबं झालं, चौथ्या दिवशी लता आली. नवी तूर निघेपर्यंत त्या गल्लीत मग कोणाकडेच भरीत झालं नाही.

पंधरा दिवसांनी नातू झाला. बाजेवर पडल्या पडल्या लतानं वर कड्यांमधून दिसणाऱ्या तुराट्यांकडे पाहत विचारलं, "माय, त्या कोनाच्या?"

"त्या रतिलालच्या. त्या वाकड्या, जीवरामबाच्या."

"अन् आपल्या?"

नातवाचं दुपटं सारखं करत धुरपदाबाई म्हणाली, "आपल्या गल्लीच्या पोटात."