शिळेवरचे मोती

१३ डिसेंबर १९७०, रविवार. सकाळी नदीवर धुकं, दहानंतर कोवळं ऊन. एरवी पानभर लिहिणाऱ्या माझ्या डायरीत त्या दिवशी एकच शब्द आहे: 'मोती!' त्या मोत्यांनी भर सभेत माझी कशी शोभा केली, ते ऐकाच. चहा निवला तर दुसरा करू.

बराकपूरच्या एका घाटावर जुनी शिळा आहे. कुणा शेठजीने घाट बांधला, त्याची हकिकत देवनागरीत कोरलेली. त्या रविवारी ती पहिल्यांदा पाहिली. काय अक्षरं होती! आणि प्रत्येक अक्षराच्या खोल रेघेत दोन-तीन बारीक गोल खळगे. मोती जडवावेत तसे!

मी गार्डन रीचला कचेरीत कारकून, अक्षरं काढायला आपला आपण शिकलेला. आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ सहा वर्षं मागत होतो. सेक्रेटरी बर्वे म्हणाले, "लिमये, यंदा देतो. पण फसलं तर पुन्हा मुखपृष्ठाचं नाव काढायचं नाही!"

फसतंय कशाला? चार रविवार घाटावर बसलो. ओला कागद शिळेवर थोपटून ठसे घेतले. एकेका मोत्यात आगकाडी घालून खोलीसुद्धा मोजली! शिळेवर नव्हती ती अक्षरं त्याच वळणात काढून मुळाक्षरं पुरी केली. पाडव्याला अंक आला आणि मंडळी खूश! बर्वेसुद्धा म्हणाले, "मानलं बुवा!"

इथे गप्प बसावं की नाही? छे! सभेत मी 'मोती-शैली'वर वीस मिनिटं बोललो. मोती म्हणजे कारागिराची सही, मोती म्हणजे अक्षराचा श्वास... घाटाजवळ दगड घडवत बसणारे म्हातारे रामदीन मिस्त्री, ज्यांच्या आजोबांनी ती शिळा कोरली, त्यांना मीच मानाने आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

"मिस्त्रीजी, इन मोतियों का राज़ बताइए!"

मिस्त्री उठले. "मोती कहाँ, बाबूजी? ये तो सीसा पकड़ने के छेद हैं. अक्षरों में सीसा भरा था. चोर निकाल ले गए."

म्हणजे वितळलेलं शिसं दगडात घट्ट बसावं म्हणून पाडलेली भोकं! आणि मी चोरी झालेल्या अक्षरांची शैली काढली होती!

सभा हसून हसून लोळली. बायको हळूच म्हणाली, "अहो, चार रविवार त्यांच्या शेजारी बसलात, त्यांचा चहा प्यायलात. एकदा विचारायचं तरी!"

विचारायचं? काडी होती ना माझ्याकडे!

मिस्त्री मात्र अंक डोळ्यांजवळ धरून बघत होते. "छेद ही हैं. मगर दादाजी देखते, तो सीसा भरते ही नहीं."

बर्वे डोळे पुसत उठले. "ठरलं! पुढचा अंकसुद्धा याच भोकांत!"

अंकाच्या सगळ्या प्रती संपल्या. त्या अक्षरांत पाच लग्नपत्रिका निघाल्या. माझ्या दारावरची पाटी मिस्त्रींनी कोरून दिली: 'लिमये'. तीन अक्षरं, सात भोकं. शिसं भरलेलं नाही.