कापलेलं दीड पान

युद्ध चालू असताना एका मोठ्या नेत्यानं आकाशवाणीवरून देशाला धीर दिला होता. ते भाषण मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांकडून घोटून पाठ करून घेतलं. एकेकाला उभं करून म्हणायला लावायची आणि म्हणताना आवाज हलला तर अर्धा गुण कापायची. माझा स्वतःचा मुलगा वर्गात होता, त्यालाही सोडलं नाही. पण माईकसमोर बसण्याआधी त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला यंदा, निवृत्त झाल्यावर, आणि त्याला कारण घरातलंच होतं.

मुलगा आता मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. गेले काही महिने त्याच्या वाटेवरच्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतायत. बातम्या लागल्या की मी टीव्हीचा आवाज बंद करते आणि सुनेला सांगते, "त्याचा मार्ग वेगळा आहे. काळजी करायचं काही कारण नाही." मार्ग वेगळा नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. इतिहासाबरोबर भूगोलही मीच शिकवायचे.

आमच्या वाडीत माघी गणपतीला दरवर्षी एक छोटं नाटक होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी यंदा मला गळ घातली, "बाई, कायतरी देशभक्तीचा लिवा." मी चार पानं लिहिली. पहिल्या दीड पानात नेता एकटाच खोलीत बसलाय. रेडिओवर बातम्या लागल्या की तो आवाज बारीक करतो. पाणी मागवतो आणि पीत नाही. लोकांना जो धीर मी देणार आहे तो माझ्याकडेच नाही, हे सांगू कुणाला, असं स्वतःशी म्हणतो. मग उठतो आणि पुढची अडीच पानं भाषण करतो. ते दीड पान लिहिताना माझा हात थांबला नव्हता.

अध्यक्षांनी नेमकं तेच कापलं, आणि तेही माझ्याच पेनानं.

"नेता घाबरलेला दाखवलात तर टाळ्या कोन वाजवील?"

मी म्हटलं, "अहो, मोठ्या माणसाच्याही पोटात गोळा येतो."

"तो आमच्याबी येतो, बाई. तो बगायला मंडपात कशाला यायला हवा?"

मी माझं पेन परत घेतलं आणि तणतणत घरी आले.

त्यात नेत्याचं काम दिलं आमच्या गावच्या गाऱ्हाणं घालणाऱ्याला. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. हा गृहस्थ सगळ्यांच्या वतीनं देवाला सांगणार आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणणार. आवाज खणखणीत, त्याबद्दल वाद नाही. पण तालमीत तो प्रत्येक वाक्याचा शेवट लांबवायचा आणि थांबायचा.

"तिथं थांबू नका हो," मी दहादा सांगितलं.

"थांबलो नाय तर लोकांनी व्हय कदी म्हनायचा?"

मी कपाळाला हात लावला.

प्रयोगाला व्हायचं तेच झालं. त्यानं पहिलं वाक्य लांबवलं आणि पुढच्या रांगेतले दोन म्हातारे सवयीनं म्हणाले, "व्हय म्हाराजा." दुसऱ्या वाक्याला अर्धा मंडप. तिसऱ्या वाक्यापासून सगळी वाडी. देशाला उद्देशून केलेलं भाषण आणि समोरून व्हय म्हाराजा. माझा नुसता जळफळाट झाला. शेजारी सून बसली होती, तिच्याकडे बघायचीही मला लाज वाटत होती. शेवटचं पान तर तो विसरलाच. क्षणभर गोंधळला, मग हात जोडून सरळ आपल्या ठरल्या वाटेनं गेला.

"बा म्हाराजा, आज तुजी जी लेकरा पोटापान्यासाटी दर्यावर गेलीत, त्यांची राखन कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्या सगळ्या आवाजांत सुनेचा आवाज मला वेगळा ऐकू आला. चार माणसांत कधी मान वर न करणारी मुलगी, ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडली होती.

घरी आल्यावर मी भांडी आदळत होते. अध्यक्ष, तो गाऱ्हाणेवाला, सगळ्यांचा उद्धार चालू होता. सून म्हणाली, "आई, कापलेलं पान आहे का? मला वाचायचंय." मी दिलं. तिनं ओट्याला टेकून उभ्याउभ्याच वाचलं.

"हा रेडिओचा आवाज बारीक करतो," ती म्हणाली, "तुम्ही टीव्हीचा करता तसा."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मला मोबाईलवर सगळं दिसतं, आई. पहिल्या दिवसापासून. तुम्ही ठीक आहे म्हणता म्हणून मीही हो म्हणते."

इतके महिने एका घरात, एका ताटलीतला फोडणीचा भात खात आम्ही दोघी एकमेकींना धीर देत होतो आणि दोघींपैकी एकीलाही तो मिळत नव्हता. मला इतका वैताग आला, की अध्यक्षांवर ओरडायचं त्राणही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. "आई, इकडे सगळं ठीक आहे," तो नेहमीच्या ठणठणीत आवाजात म्हणाला. सून चहाचा कप घेऊन समोर बसली होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

"भीती वाटते का रे?"

 

"वाटते," तो म्हणाला. "रोज वाटते."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तूच शिकवलंस ना, आई. आवाज हलला तर अर्धा गुण जातो म्हणून."