रांग हलली की आमेन

आमच्या डिचोलीच्या मंडळीत नवा पाहुणा आला की जेवणानंतर एक प्रश्न ठरलेला. तुमची मंडळी वाढली कशी? विचारणारा बहुतेक तरुण पास्टरच असतो. आमचे शांतवन पास्टर नुसते हसतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. "बाईंना विचारा." मी शाळेत शिकवते आणि रविवारी गाणी सांगते, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडेच येतं. एक सांगायला घेतलं की दुसरं आठवतं, आणि चहा थंड होतो.

* * *

पास्टर मिरजेकडून आले तेव्हा गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. आमची उपासना बाजारातल्या एका शेटच्या भाड्याच्या खोलीत चालायची. खोली लहान, तरी रिकामी वाटायची. आमचे बरेचसे पुरुष सिंधुदुर्गातून खाणीच्या ट्रकवर आलेले. आठवडाभर चाक धरायचं आणि रविवारी झोपायचं.

पास्टरांनी कुणाला दोष दिला नाही. मधल्या वारी ते मुळगावच्या खाणीकडे गेले. तिथं ट्रक भरायला ही लांब रांग. ड्रायव्हर खाली उतरून विड्या ओढत बसलेले. पास्टर त्यांच्यात बसले, घरच्यांची चौकशी केली, मग थोडं वचन सांगायला लागले. तेवढ्यात रांग हलली. वाक्य अर्धंच होतं, तरी पास्टर "आमेन" म्हणून उठले.

वेंगुर्ल्याचा याकोबदादा ट्रकवर चढता चढता वळला. "पास्टर, चर्चमदी पण तुमचो उपदेश इतकोच असता?"

पास्टर म्हणाले, "इतकाच ठेवीन."

"मग आयतवारी येतंय."

आला. येताना आणखी चौघांना घेऊन आला. आणि पास्टरांनी शब्द पाळला, आजपर्यंत.

* * *

मंडळी भरू लागली तशी भांडणंही आली. बाहेर बाजारात कोकणी की मराठी हा वाद पेटलेला होता, तो चपला काढून आमच्या आत शिरला. पेडण्यातल्या हळर्ण गावाहून दोन बस बदलून फिलिपबाब आणि त्यांच्या वाड्यावरची कुटुंबं यायची. फिलिपबाबचं म्हणणं, प्रार्थना कोकणीत हवी. "देवाक कोंकणी कळना?" याकोबदादा मराठीच्या बाजूनं. "मग मराठी काय फक्त मामलेदाराक कळता?"

पास्टर दोघांचंही शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी सांगितलं, घरात पोरांवर ज्या भाषेत ओरडता, त्याच भाषेत देवाकडे मागा.

पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी उठल्या त्या पास्टरांच्या बायको, सालोमीबाई. त्यांचं माहेर विजापूरकडचं. त्यांनी डोळे मिटून अस्खलित कानडीत लांबलचक प्रार्थना केली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. संपल्यावर सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाले ते फिलिपबाब आणि याकोबदादा.

* * *

याच सालोमीबाईंनी पास्टरांचीही शाळा घेतली. पास्टर स्वतः खोली झाडायचे, सतरंज्या घालायचे, पेटी वाजवायचे, उपदेश करायचे आणि शेवटी कपही विसळायचे. आम्हाला त्याचं फार कौतुक. सालोमीबाईंना नव्हतं. त्या एकदा माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "तुम्ही सगळं करता, म्हणून लोक पाहुण्यासारखे येतात."

त्या रविवारी पास्टर आले आणि मागं भिंतीला टेकून हात बांधून बसले. खोलीत केर तसाच, खिडक्या बंद. माणसं येऊन दारात उभी राहिली. शेवटी याकोबदादानं सतरंज्यांची गुंडाळी खांद्यावर घेतली. त्याच्या बायकोचं तोंड उघडंच राहिलं, कारण घरी तो पाण्याचा पेलासुद्धा हातानं घेत नसे.

त्यानंतर सतरंज्यांना कुणी हात लावलेला त्याला चालेना.

* * *

एका पावसाळ्यात डिचोलीची नदी बाजारात घुसली. रविवारी पाणी ओसरलं, पण घराघरांत चिखल. पास्टरांनी जाहीर केलं, आज उपासना नाही, फावडी आणा. आमच्यातले वडीलधारे नाराज झाले. रविवारची उपासना कशी चुकवायची? पास्टर म्हणाले, चुकवत नाही आहोत, बाहेर करतो आहोत. आम्ही शेटच्या घरापासून सुरुवात केली आणि ओळीतलं एकही घर सोडलं नाही.

पुढं काही महिन्यांनी बाजारातले काही जण शेटकडे गेले. म्हणाले, त्या गाणी म्हणणाऱ्यांना खोलीतून काढा. शेट गंध लावलेला, रोज देवळात जाणारा माणूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काढतो. पण त्यांनी माझ्या घरातून काढलेला चिखल आधी परत कोण आणून टाकतो ते सांगा."

पुन्हा कुणी आलं नाही.

* * *

आता शेवटचं. खोली इतकी भरली की माणसं जिन्यावर बसू लागली. आम्हाला केवढा अभिमान! आणि अशातच पास्टरांनी हळर्णच्या सगळ्या कुटुंबांना उभं केलं आणि सांगितलं, पुढच्या रविवारपासून इथं येऊ नका. फिलिपबाबच्या ओसरीवर तुमची मंडळी सुरू करा. वर आमच्यातले चांगले गाणारेही त्यांनी तिकडं देऊन टाकले.

याकोबदादा सगळ्यांत जास्त भडकला. इतकी वर्षं घाम गाळून भरलेली मंडळी अशी रिकामी करतात का? आठवडाभर तो पास्टरांशी बोलला नाही. मला वाटतं, फिलिपबाबशिवाय त्याला भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

नेमके पुढच्याच रविवारी पणजीहून काही पास्टर आले. वाढती मंडळी बघायला म्हणून मुद्दाम आलेले. आत अर्धी खोली मोकळी. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतल्या एकानं सतरंजी झटकत असलेल्या याकोबदादाला हळूच विचारलं, "एवढीच मंडळी? आम्ही तर खूप ऐकलं होतं."

पास्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

याकोबदादानं सतरंजी नीट अंथरली, तिचे कोपरे सरळ केले आणि ताठ उभा राहिला.

"अर्धी हळर्णाक धाडली. हय मावाक नाय," तो म्हणाला.