वारा वाढला की लहान शीड

समुद्रावर पांढरा फेस दिसू लागला, तशी सगळ्यांनी मोठी शिडं वाळूत ठेवून लहान उचलली. वारा मंद असला की मोठं शीड आणि रुंद बोर्ड, वाढला की दोन्ही लहान, ही विंडसर्फिंगची रीत. माझी रीत उलटी. घरात आवाज चढले की मी माझं सगळ्यांत मोठं शीड उभारतो.

सुट्टीचा शेवटचा दिवस. बायकोसमोर एकदा तरी पाण्यावर उभं राहून दाखवायचं होतं. मी मोठ्या शिडाला हात घातला.

"अहो, लहान घ्या. कालही असेच आपटलात!"

निमूट लहान घेतलं आणि चक्क उभा राहिलो. किनारा मागे पडला, तिच्या टाळ्याही ऐकू येईनात. इतका वेळ उभा राहीन असं वाटलंच नव्हतं, म्हणून वळायचं कसं, ते मी शिकलोच नव्हतो.